गडद लाल चाफा आणि कॅमेऱ्याची साक्ष

जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेलीं आजी-पणजींचीं छायाचित्रें ज्यांनीं निरखून पाहिलीं असतील, त्यांच्या एक गोष्ट खचित ध्यानांत आली असेल. प्रत्यक्षांत लालभडक असणारें कुंकू त्या चित्रांत काळेंभोर दिसतें. यांत छायाचित्रकाराचा अपराध नव्हता. त्या काळीं काचांवर जें रसायन लावीत, त्याला मुख्यतः निळा व जांभळा प्रकाश कळे. तांबड्याला तें जवळजवळ आंधळेंच असे. हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं रंजकद्रव्यें मिसळून हें आंधळेपण कमी करण्याची युक्ति शोधून काढिली, आणि १९०६ सालीं सर्व रंगांना जाणणाऱ्या काचा इंग्लंडांत विक्रीस आल्या. तथापि लाल रंगाशीं कॅमेऱ्याचें वैर आजहि मिटलेलें नाहीं. त्यानें रूप तेवढें पालटलें आहे.

आजच्या कॅमेऱ्याचा दोष नेमका उलट. तो लाल रंगाला आंधळा नाहीं, तर लाल पाहून दिपून जातो. मखमलीसारखें गडद, कडांशीं काळसर झांक असलेलें लाल चाफ्याचें फूल चित्रांत नारिंगी किंवा गुलाबी होऊन बसतें, आणि पाकळीवरच्या शिरा नाहींशा होऊन तें प्लास्टिकचें वाटूं लागतें.

एवढ्याशा गोष्टीचें काय मोठें, असें कोणी म्हणेल. पण तळोज्यासारख्या ठिकाणीं ती मोठी होते. पनवेल तालुक्यांतील हें गांव आतां कारखान्यांनीं व उंच इमारतींनीं वेढलें गेलें आहे. बेलापुराहून पेंधरपर्यंत मेट्रोहि २०२३ सालापासून धांवूं लागली आहे. अशा वसाहतींत राहावयास आलेलें कुटुंब जुन्या वाड्यांतील चाफ्याची एखादी फांदी बरोबर आणतें. कापलेल्या फांदीचा चीक आठ-दहा दिवस वाळूं दिला, कीं ती कुंडींतहि जीव धरते. फांदीपासून वाढलेलें झाड हें मूळ झाडच होय. बीं पेरून उगवलेल्या रोपाला मात्र निराळ्या छटेचीं फुलें येऊं शकतात. वाडा पाडला गेला, भाऊबंद दूरदूर विखुरले, आणि कुंडींतल्या झाडाला पहिलें फूल आलें. त्याचें चित्र पुण्याच्या थोरल्या काकांकडे व परदेशांतील पुतण्याकडे जातें. “हाच का आपल्या अंगणांतला चाफा?” या प्रश्नाचें उत्तर त्या चित्रानें द्यावयाचें असतें. चित्रच खोटें बोललें, तर खऱ्या झाडाचीहि ओळख नाकारली जाते.

दोषाचें मूळ समजलें म्हणजे उपाय सोपा होतो. कॅमेऱ्यांतील संवेदकावर सूक्ष्म प्रकाशकोशांची जाळी असते व प्रत्येक कोशावर एकेक रंगीत गाळणी. कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यांना १९७६ सालीं जिचें पेटंट मिळालें, त्या मांडणींत दर चार कोशांपैकीं दोन हिरव्याचे, एक निळ्याचा व एकच तांबड्याचा. म्हणजे लाल पाकळीवरील बारकावे टिपण्याचा भार मुख्यतः चौथ्या हिश्शाच्या कोशांवर पडतो. शिवाय तेजाच्या रूढ हिशेबांत हिरव्याचें वजन सुमारें ७२ टक्के, तर तांबड्याचें अवघें २१. त्यामुळें गडद लाल फूल कॅमेऱ्याला अंधारें वाटतें. तो अधिक प्रकाश आंत घेतो, आणि तांबडे कोश कांठोकांठ भरतात. भरल्या घागरींत आणखी किती ओतलें, हें घागर सांगूं शकत नाहीं. तशाच पुढच्या सर्व छटा बुडतात. हिरवे व निळे कोश मात्र भरतच राहतात, म्हणून रंग नारिंगीकडे वा गुलाबीकडे सरकतो.

तेव्हां पहिला नियम असा, कीं प्रकाश कमी घ्यावा. मोबाईलवर फुलावर बोट टेकवून शेजारीं दिसणारें सूर्याचें चिन्ह थोडें खालीं ओढावें. मोठ्या कॅमेऱ्यांत दोन-तृतीयांश ते एक पायरी उणें करावें. हिस्टोग्रामचा आलेख दिसत असेल, तर त्यांतील तांबडी रेघ उजव्या कडेला आदळूं देऊं नये. मात्र अति कमी केल्यास काळसर कडा पार काळोखांत जातात; म्हणून दोन-तीन चित्रें निरनिराळ्या पायऱ्यांवर घ्यावीं.

दुसरा नियम उजेडाचा. थेट ऊन व फ्लॅश दोन्ही वर्ज्य. त्यांची चकाकी पाकळीवर पांढरी लकेर उमटविते. ढगाळ सकाळ उत्तम, आणि आपल्या कोंकणपट्टींत पावसाळा ती उदार हस्तानें देतो. गॅलरीला हिरवी जाळी बांधली असेल, तर कुंडी बाहेर न्यावी, कारण जाळीचा हिरवटपणा फुलावर उतरतो. रंगीत भिंतीचेंहि तसेंच. स्वस्त एलईडी दिव्यांत गडद लाल किरणें उणीं असतात, म्हणून रात्रीचें चित्र भरंवशाचें नव्हे. फूल ताजें, त्याच सकाळीं उमललेलें असावें. ऊन, उष्णता व वय यांनीं छटा बदलते.

तिसरा नियम साक्षीदाराचा. एका चित्रांत फुलाशेजारीं छायाचित्रकार वापरतात तें करड्या रंगाचें कार्ड ठेवावें, व त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. पांढरा कागद त्या मानानें कमी विश्वासाचा. पुष्कळ कागदांत त्यांना शुभ्र दाखविणारीं, निळसर चमकणारीं द्रव्यें असतात. साधल्यास चित्र ‘रॉ’ रूपांत जपावें, आणि रंग खुलविण्याच्या सजावटींपासून तें दूर ठेवावें. १९९६ सालीं पुढें आलेली एसआरजीबी ही रंगांची सर्वसाधारण चौकट अतिगडद, शुद्ध लाल पुरता सामावून घेत नाहीं. म्हणून फूल हातांत असतांनाच पडद्याशीं ताडून पाहावें व चित्राखालीं दोन शब्दांत छटा लिहून ठेवावी. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनें १९६६ पासून फुलांच्या रंगांसाठीं क्रमांक दिलेल्या पट्ट्या काढल्या आहेत, त्या याच गरजेपोटीं.

यावर कोणी विचारील, कीं खरा रंग म्हणजे तरी कोणता? १८१९ सालीं बोहेमियाच्या यान पुर्किन्ये यांच्या ध्यानांत आलें, कीं दुपारीं तेजस्वी दिसणारीं तांबडीं फुलें पहाटेच्या अंधुक उजेडांत हिरव्या पानांहूनहि काळीं पडतात. अर्थात् आपला डोळाहि वेळेप्रमाणें साक्ष बदलतो. म्हणून खरें चित्र म्हणजे अमुक वेळीं, अमुक उजेडांत घरच्या माणसांनीं जें पाहिलें, त्याच्याशीं इमान राखणारें चित्र. घरांत ज्या वडीलधाऱ्यांनीं तो जुना चाफा पाहिला आहे, त्यांना ताजें फूल व चित्र शेजारीं शेजारीं दाखवावें, आणि ते “हाच” म्हणतील तें चित्र तारखेसह जपून ठेवावें. कारण फुलाचा रंग चार दिवसांत जातो, आणि तो ओळखणारे डोळेहि कायमचे नसतात.