हिरवा ठिपका अन् साहेब

राजेहो, दोन दिवस गप्प होतो, आज लिहितोच.

कंपनीचा मेल आलाय. पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस पुण्यात, ऑफिसात. नाव घेत नाही, नोकरी करायची आहे अजून. पाच वर्षं मी अचलपुरातल्या घरून काम करतोय. लाईट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाईल, तोही बसला तर गाडी काढून अमरावती गाठली, पण काम वेळेत दिलं. मेलमधलं कारण काय? 'टीमवर लक्ष ठेवायला अडचण येते.'

माझं भांडण इथंच आहे. लक्ष ठेवणं हेच मॅनेजरचं काम, असं ठरवलं कोणी?

बाबा इथल्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की पाळी, पाळीवर जॉबर. पण त्या जॉबरला स्वतःला माग चालवता यायचा! नव्या पोराला बाजूला उभं करून शिकवायचा. आमचे साहेब काय पाहतात? माझ्या नावापुढचा ठिपका हिरवा आहे का पिवळा. जेवायला उठलो की पिवळा, लगेच मेसेज, 'आर यू देअर?' ठिपका हिरवा राहावा म्हणून नुसता माऊस हलवत बसणारी पोरं मला माहीत आहेत. दोन्हीकडून सोंग.

माणसं समोर नसली की साहेबाचं खरं काम सुरू होतं. काय हवं ते स्पष्ट लिहून द्यायचं, दुसऱ्या टीमकडे अडकलेलं सोडवून आणायचं, नव्या पोराला रोज अर्धा तास द्यायचा. (नवीन पोरं घरी बसून कमी शिकतात, हे खरंच आहे. पण ऑफिसात तरी कोण शिकवतं? सगळे मीटिंगमध्ये.) माझ्या आधीच्या मॅडमला हे जमायचं. ज्यांना जमत नाही त्यांना हजेरी लागते.

टीसीएसनं २०२० मध्ये स्वतःच सांगितलं होतं, २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांपेक्षा जास्त लोक ऑफिसात लागणार नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्यांना पाच दिवस बोलावलं. एल अँड टीच्या अध्यक्षांचं ते ९० तासांचं अन् घरी बायकोकडे किती वेळ बघत बसणार हे बोलणं तर सगळ्यांनीच ऐकलंय.

अन् हे फक्त आयटीवाल्यांचं रडगाणं नाही बरं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपली फिनले मिल बंद पडली. त्याच दिवसांत आम्ही लॅपटॉप घेऊन गावी आलो. मिलचे पगार गेले, थोडे आमचे आले. माझा किराणा, आईच्या लकव्याची औषधं, पोरीची फी, सगळा पैसा इथंच फिरतो. पुढच्या महिन्यापासून तो हिंजवडीत खोलीच्या भाड्यात जाणार, अन् आईला उचलून बसवायला ७२ वर्षांचे बाबा.

बाबा म्हणाले, "तुह्या सायबाले काम पाह्याचं हाय का खुर्ची?"

मी मेलला उत्तर दिलंय: मी पुण्यात नव्हतो म्हणून बिघडलेलं एक काम दाखवा. उत्तर आलं तर इथंच टाकतो. तुम्हालाही असा मेल आला असेल तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नका टाकू.