परीक्षक माणूसच हवा, पण एक पुरत नाही

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला साडेसहा बँड आला की क्लासमध्ये निदान ठरलेलं असतं: परीक्षक कडक निघाला. पाठोपाठ सल्ला येतो, पुढच्या वेळी संगणकावर बोलायची पीटीई परीक्षा द्या, संगणकाला राग-लोभ नसतो. निदानात थोडं तथ्य आहे. सल्ला मात्र मला साफ चुकीचा वाटतो.

तथ्य आधी मान्य करू. अ‍ॅनी ब्राउन या संशोधिकेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विद्यार्थिनीची मुलाखत दोन परीक्षकांनी घेतली होती. एकीने काय हवं ते स्पष्ट विचारलं, बोलायला वाव दिला. दुसऱ्याच्या मोघम प्रश्नांवर तीच मुलगी तोकडं बोलली. ध्वनिमुद्रणं ऐकून गुण देणाऱ्यांना तिची कुवतच वेगवेगळी वाटली. म्हणजे समोर कोण बसलंय, यावर बोलणं ठरतं, हे खरंच.

पण त्या मुलाखती जुन्या पद्धतीच्या होत्या. २००१ पासून आयईएलटीएसचा परीक्षक ठरवून दिलेल्या चौकटीतच प्रश्न विचारतो. ११ ते १४ मिनिटांचं संभाषण ध्वनिमुद्रित होतं. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना समान वजन असतं. उच्चारातही आपला मराठी वळणाचा ‘व’ खटकला म्हणून गुण कापायचे नसतात. ऐकणाऱ्याला समजतं का, हा मुद्दा असतो. याला लहर म्हणणं अन्यायाचं आहे.

आता यंत्राचं. एकच ध्वनिमुद्रण दहादा ऐकवलं तरी ते तेवढेच गुण देईल. पण गुण कशाचे? पीटीईत परिच्छेद मोठ्याने वाचायचा असतो, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असतं. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये ७ बँड लागतो. वॉर्डात रुग्ण अर्धवट पुटपुटला, तर तिला उलट विचारून नेमकं दुखणं काढावं लागतं. ही हातोटी वाक्यं घोकून येत नाही. आयईएलटीएसमध्ये कार्डावरच्या विषयाला एक मिनिट तयारी मिळते आणि तिथे पाठ केलेलं भाषण खपूनही जाईल. तिसऱ्या भागात परीक्षक त्याच विषयावर ‘असं का?’ म्हणून खोदू लागला, की पाठांतर उघडं पडतं. हे खोदणं काढून टाकलं तर मोजमाप स्थिर होईल, पण बोलण्याचं होणार नाही.

मग विश्वासार्हता आणायची कशी? एका कानावर विसंबू नका. चारपैकी एका निकषात एक बँड घसरला तरी सरासरी पाव बँडने खाली येते, आणि ७ चा उंबरठा हुकू शकतो. तेवढ्यावरून कुणाची नोकरी अडते, कुणाचा व्हिसा. ध्वनिमुद्रण हाताशी असतंच, तर उंबरठ्याजवळचा प्रत्येक निकाल दुसऱ्या परीक्षकाने पहिल्याचे गुण न पाहता तपासावा. आज फेरतपासणी मागता येते, पण पैसे आधी उमेदवाराने भरायचे. गुण बदलले तर परत मिळतात. मोठी फी भरून बसलेल्या घराला हा भुर्दंड सोसत नाही. चूक शोधण्याचा खर्च परीक्षा घेणाऱ्यांनीच उचलायला हवा.

तोवर उमेदवारांना एवढंच सांगणं आहे: बाकी भागांत बरे गुण असून फक्त स्पीकिंगच अनपेक्षितपणे अर्ध्या बँडने हुकलं असेल, तर क्लास बदलण्याआधी मुदतीत फेरतपासणीचा अर्ज करा.