माझे जहाज, अण्णांची गाडी

द्वितीय वर्ष, कला

‘‘हे तुझं जहाज भाड्यानं जातं का रे?’’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी मला विचारलेला हा प्रश्न. अण्णा ट्रकवर ड्रायव्हर आहेत, गाडी मालकाची. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मी संगणकापुढे बसलो की आई सगळ्यांना गप्प करते. पोरगा अभ्यासाला बसला आहे अशी तिची समजूत. त्या दिवशी अण्णा मागे येऊन कधी उभे राहिले ते मला कळले नाही, आणि पडद्यावर अभ्यास नव्हता हे त्यांना लगेच कळले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ पाहत राहिले आणि मग हा प्रश्न.

खेळाचे नाव ‘एलीट डेंजरस’. निघाला २०१४ साली. पुण्याच्या चुलतभावाने नवा संगणक घेतला तेव्हा त्याचा जुना मला मिळाला आणि त्याबरोबर हे वेडही. सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची आपली आकाशगंगा खऱ्या आकारमानात त्यात मांडली आहे. सुरुवातीला हातात ‘साइडवाइंडर’ नावाचे एक चिमुकले जहाज आणि थोडे क्रेडिट. पुढे काय वाटेल ते करा. माल वाहा, खनिजे खणा, चाच्यांशी लढा, नाहीतर कुणी न पाहिलेले तारे शोधत सुटा. खेळायला इंटरनेट सतत लागते. आमच्याकडे लाइट गेली की जहाजही जाते. आली की होते तिथेच सापडते.

या खेळाचा खरा जीव मात्र उड्डाणात नाही, जहाज आपल्या मनासारखे बांधण्यात आहे. (जहाजाला रंग देणे, नक्षी चिकटवणे हेही आहे, त्यातले बरेचसे खऱ्या पैशाने घ्यावे लागते, आणि माझ्यापुरता तो विषय तिथेच संपतो.)

मी पैसे साठवून ‘ॲस्प एक्स्प्लोरर’ घेतले. किंमत सुमारे ६६ लाख क्रेडिट. कारखान्यातून येते तसे ते एका झेपेत तेरा-चौदा प्रकाशवर्षेच जाते. दूरच्या प्रवासाला एवढ्याने काय होणार? मग हिशेब सुरू होतो. झेप किती लांब जाईल हे जहाजाच्या वजनावर ठरते, आणि प्रत्येक यंत्राचे पाच दर्जे असतात, ‘ए’ ते ‘ई’. नवख्याला वाटते, सगळे ‘ए’ घ्यावे. मीही घेतले होते. पण सर्वांत हलका असतो ‘डी’. माझ्या जहाजाचे सेन्सर ‘ए’ दर्जाचे घेतले तर २० टन, ‘डी’ दर्जाचे घेतले तर ८ टन. नजर थोडी आखूड होते, पण १२ टन वाचतात. झेप घेणारे यंत्र तेवढे ‘ए’ ठेवायचे, बाकी सारे ‘डी’. शस्त्रे काढली की वीज कमी लागते; वीज कमी लागली की वीजघर लहान चालते; तेवढे वजन आणखी उतरते. टाकीतले इंधनसुद्धा वजनच! असे एकेक करत मी तिसाच्या पुढे गेलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि इतका आनंद मला बारावीच्या निकालानेही दिला नव्हता.

हे मी अण्णांना समजावू लागलो तर त्यांना माझ्याआधीच समजले. ट्रकची नुसती चासी येते, तिच्यावर बॉडी कारागीर बांधतो. पासिंग ठरलेले असते. बॉडी जड बांधली की तेवढा माल कमी. मालकाने एकदा जास्त माल भरता यावा म्हणून मागचे पाटे वाढवून घेतले होते. तेव्हापासून रिकामी गाडी अशी आपटते की अण्णांची कंबर कायमची धरली. हे सारे त्यांनी मला माझ्याच खुर्चीवर बसून सांगितले. एकोणीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना इतके प्रश्न कधी विचारले नव्हते.

मग मी त्यांना माझ्या फजितीची गोष्ट सांगितली. वजन उतरवण्याच्या नादात मी जहाजाची ढाल, म्हणजे शील्ड, काढून टाकली होती. दूर अंतराळात लढायला येतो कोण? तीन आठवडे रोज संध्याकाळी मी पुढे पुढे जात होतो. असे तारे लागले की ज्यांच्यावर कुणाचेच नाव नव्हते. या खेळात नव्या ताऱ्याची माहिती प्रथम जो स्थानकावर आणून विकतो त्याचे नाव त्या ताऱ्यावर लागते, आणि पुढे जो कुणी तिथे जाईल त्याला ते दिसते. खेळातले माझे नाव मी आमच्या गावाचे ठेवले आहे. जिथे दिवसातून दोनच एसटी येतात अशा गावाचे नाव काही ताऱ्यांवर लागणार होते!

परतीच्या वाटेवर एका ग्रहावर उतरण्याची हौस आली. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दुपटीहून अधिक होते. आकडा समोर लिहिलेला होता, मी पाहिला नाही. जहाज धोंड्यासारखे खाली गेले. ढाल असती तर बहुधा खरचटण्यावर निभावले असते. किमतीचे पाच टक्के भरले की विम्यातून जहाज जसेच्या तसे परत मिळते, तसे मला मिळाले. पण न विकलेली माहिती जहाजाबरोबर जाते. तीन आठवड्यांतला एकही तारा राहिला नाही.

अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे स्टेपनी न घेता घाटात शिरलास.’’

या नुकसानीबद्दल माझी तक्रार नाही. ढाल मी काढली, उतरलो मी. माझी तक्रार वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे, आणि हा लेख खरे म्हणजे तिच्यासाठी लिहायला घेतला.

या खेळात २०१६ साली ‘इंजिनिअर’ आले. हे खेळातले कारागीर. तुमच्या यंत्रात ते अशी काही करामत करतात की माझ्यासारख्या जहाजाची झेप पन्नाशीच्या पुढे जाते. उत्तम. पण त्यांच्या दारात उभे राहायला आधी भेट न्यावी लागते. झेप वाढवणारी एक कारागीर ‘डेसिॲट’ या ठिकाणी राहते. तिला एक दुर्मिळ मिश्रधातू हवा. तो दिला की मग साहित्य आणा. वरच्या पायरीच्या कामासाठी आर्सेनिक लागते, ते ग्रहांवर गाडी फिरवत दगड फोडून वेचायचे. आणखी एक गोष्ट लागते ती झेप घेऊन गेलेल्या जहाजांच्या मागे उरलेल्या खुणा तपासून मिळवायची. म्हणजे स्थानकाबाहेर नुसते उभे राहायचे, एक जहाज गेले की तपासायचे, दुसऱ्याची वाट पाहायची. पूर्वी तर एवढे करूनही काम कसे होईल ते नशिबावर असे, कधी आधीपेक्षा वाईटही. २०१८ साली तो जुगार काढून टाकला. वेचणे राहिले.

वर्गातला एक मित्र म्हणतो, कष्टाशिवाय मिळाले तर त्याची किंमत काय? त्याचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. पण सेन्सर ‘ए’ की ‘डी’, ढाल ठेवू की काढू, या प्रश्नांत कष्ट डोक्याचे होते, आणि दोन खेळाडूंची उत्तरे वेगळी येत होती. कारागिराच्या कामात निवडच नाही. त्याचे तोटे, थोडे वजन आणि थोडी जादा वीज, नावापुरतेच. त्यामुळे दूर जाणारा प्रत्येक जण तेच काम करून घेतो, आणि शेवटी सगळ्यांची जहाजे एकाच साच्यातली होतात. म्हणजे इतक्या मेहनतीने आपण पोचतो कुठे, तर सगळे जिथे आहेत तिथे! याला कष्ट म्हणण्यापेक्षा मी हेलपाटे म्हणेन. तालुक्याच्या कचेरीत एका दाखल्यासाठी चार वेळा जावे लागते, तेही कष्टच. त्यामुळे त्या दाखल्यावर कुणाचे प्रेम बसल्याचे मला माहीत नाही.

याच खेळाचा मूळ पुरुष ‘एलीट’ १९८४ साली निघाला. तो करणारे डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल तेव्हा केंब्रिजला शिकत होते, म्हणजे आपल्यासारखेच विद्यार्थी. ‘बीबीसी मायक्रो’ या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर तो चाले. हातात १०० क्रेडिट आणि २० टनांचे कोठार. ४०० क्रेडिट जमले की कोठार ३५ टनांचे करता येई. १५०० जमले की फिरत्या स्थानकात जहाज आपोआप नेणारे यंत्र मिळे. पण ज्याचा हात बसला त्याला ते यंत्र नकोच, तो तेच पैसे दुसरीकडे लावी. इतक्या लहानशा जागेत त्या दोघांनी निवडीला वाव ठेवला होता. आज जागेला तोटा नाही, आणि मी आर्सेनिक वेचतो आहे.

आता प्राध्यापकमंडळी विचारतील, तुला कोणी जबरदस्ती केली आहे का? नाही, आणि तेच मला टोचते. गेल्या सत्रात माझी एका विषयात ए.टी.के.टी. लागली. विषय सूक्ष्म अर्थशास्त्र. त्यातला ‘संधी खर्च’ हा प्रश्न मी सोडून दिला होता. आणि ढाल काढली तर काय गमवाल, हा तोच प्रश्न मी रोज रात्री जहाजावर सोडवत होतो. जहाज बांधण्यात गेलेल्या रात्रींचे मला वाईट वाटत नाही. त्यांनी मला निदान विचार करायला लावले. दगड फोडण्यात गेलेल्या रात्री मात्र मी मोजल्या आहेत, आणि त्या वेळी आई पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसली होती. निकाल अण्णांना सांगितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘परत कधी आहे पेपर?’’

सध्या जहाजावर सर्वांत लहान ढाल बसवली आहे. झेप थोडी आखडली, आखडू दे. पेपर होईपर्यंत ते एका स्थानकात उभे आहे. आर्सेनिक अजून चार कमी पडते.