आधी सलाम, मग कलाम : फ्रेंचमध्येही



चिंचवड-भोसरीपासून चाकणपर्यंत मोटारींचे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत आणि त्यांत फ्रेंच कंपन्यांचेही आहेत. आपल्या घरांतली मुले-मुली अशा ठिकाणी नोकरीला लागतात. कुणाला प्रशिक्षणासाठी फ्रान्सला जावे लागते, कुणी शिकायला जाते. म्हणून या महिन्यात आम्ही फ्रेंच भाषेतील अदब निवडली आहे. व्याकरण हळूहळू येईल, पण अदब पहिल्या दिवसापासून लागते.

सर्वांत मोठा शब्द ‘बाँजूर’. यातला ‘ज’ मऊ आहे. उर्दू वाचणाऱ्यांनी तीन नुक्त्यांचे ‘झे’ आठवावे. दुकान, दवाखाना, कचेरी, कुठेही शिरताच आधी बाँजूर म्हणायचे, मग काम सांगायचे. संध्याकाळी ‘बाँस्वार’. बाँजूर न म्हणता थेट “पाव केवढ्याला?” विचारले, तर तिथे ते उद्धटपणाचे समजतात आणि उत्तर तुटक मिळते. मुलाला वाटते, आपले नाव किंवा रंग पाहून असे वागवले. कधी तसे घडतही असेल. पण निदान आपल्या बाजूने निमित्त मिळू नये.

आपल्याला हे नवे नाही. आधी सलाम, मग कलाम, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कुणी सलाम केला तर त्याहून चांगल्या, निदान तेवढ्याच चांगल्या शब्दांत उत्तर द्यावे, अशी शिकवण सूरह निसाच्या 86व्या आयतीत आहे. फ्रेंचमध्येही नुसत्या बाँजूरपेक्षा “बाँजूर, मादाम” किंवा “बाँजूर, म्स्य” अधिक शोभते.

रोजचे शब्द असे :

सिल वू प्ले – कृपया
मेर्सी – आभार
ज वू-झां-प्री – आभाराला उत्तर, ‘त्यात काय एवढे’
एक्स्क्यूझे-म्वा – माफ करा, जरा ऐकता का
पार्दों – धक्का लागल्यास
आंशांते – भेटून आनंद झाला
ओ र्व्वार, बॉन जूर्ने – येतो, दिवस चांगला जावो

आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे जड जाते, आपल्याला सोपे. अनोळखी माणूस, वडीलधारे, साहेब यांना नेहमी ‘वू’. समोरच्याने सांगितल्याशिवाय ‘त्यू’वर येऊ नये. तसेच ‘सॅल्यू’ हा शब्द ‘सलाम’सारखा वाटला तरी तो मित्रांपुरता आहे, साहेबांना तो म्हणू नये.

आता नकार. जेवणाच्या टेबलावर दारू किंवा डुकराचे मांस पुढे आले, तर घाबरायचे कारण नाही आणि प्रवचन देण्याचेही नाही. “नों मेर्सी, ज न ब्वा पा दाल्कोल”, म्हणजे नको, आभार, मी दारू घेत नाही. “ज न मांज पा द पोर”, म्हणजे मी डुकराचे मांस खात नाही. एवढे हसून म्हटले की पुरते. एक मात्र ध्यानात ठेवावे : कुणी काही वाढू लागले असता नुसते ‘मेर्सी’ म्हटले, तर ‘नको’ असाही अर्थ होतो. हवे असेल तर “वी, आवेक प्लेझिर” म्हणावे. हस्तांदोलन करायचे नसेल, तर छातीवर हात ठेवून ‘आंशांते’ म्हणता येते.

परकी भाषा शिकल्याने दीन हातचा जातो, अशी भीती काही घरांत, विशेषतः मुलींबाबत असते. अशा पालकांनी डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे नाव जरूर आठवावे. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादचे ते. जन्म 1908चा. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली, पुढे अनेक दशके पॅरिसमध्येच राहिले, आणि 1959 साली त्यांचा कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला. भाषा त्यांनी दीनच्याच कामी लावली.

शिकायचे असेल तर पुण्यात आलियांस फ्रांसेज आहे आणि रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही आहे. पहिली पायरी ‘ए-1’. तोवर घरी दस्तरखानावर रोज तीन शब्द म्हणा. पाणी मागताना ‘सिल वू प्ले’, मिळाल्यावर ‘मेर्सी’. अम्मीला आभार ऐकायची सवय नसेल, तर तीही इन्शाअल्लाह होईल.