दशमूळ आणि मातीचे ऋण

दशमूळाचा उपयोग करीत नाही असा वैद्य विरळाच. त्या दहा द्रव्यांपैकी शालपर्णी व पृश्निपर्णी ही दोन शिंबी कुळातील आहेत, हे आपण जाणतो. परंतु त्यामुळे मातीशी त्यांचे जे विशेष नाते आहे, त्याचा विचार आपल्या व्यवसायात क्वचितच होतो. तो आता व्हावा, असे आम्हांस वाटते.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे. परंतु वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. शिंबी वनस्पती मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जीवाणूंकरवी तो मिळवितात, हे हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ मध्ये दाखविले. वनस्पती जीवाणूंना शर्करा पुरविते, जीवाणू तिला नत्र पुरवितात. पुढे मुळे व गाठी कुजल्या की मातीतील इतर जीवाणू त्या नत्राचे प्रथम अमोनिया, मग नायट्राइट व शेवटी नायट्रेट करतात आणि पुढच्या पिकाचे पोषण होते. आणखी काही जीवाणू नायट्रेटमधील नत्र पुन्हा हवेत सोडतात. असे हे चक्र फिरत राहते.

औषधी मुळांच्या बाबतीत मात्र आपण या चक्रात खंड पाडतो. तुरीचा शेतकरी शेंगा नेतो आणि मुळे जमिनीतच ठेवतो. आपण मूळ, पुष्कळदा पंचांगच, उपटून नेतो; म्हणजे जमिनीचा वाटाही उचलतो. ही तूट युरियाने भरून निघेल, असे म्हणणे अपुरे आहे. आयता नत्र मुबलक मिळाला की शिंबी वनस्पती गाठी कमी धरते, आणि जादा नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिपरीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्यांना जीवाणू ठाऊक होते, असा दावा आम्ही करणार नाही. असे दावे शास्त्राची शोभा वाढवीत नाहीत. द्रव्याचा विचार भूमीपासून सुरू करावा, ही त्यांची शिस्त मात्र आपण सोडली आहे. आपली परीक्षा गोदामात पोते उघडल्यावर सुरू होते.

यावर आमची सूचना साधी आहे. क्वाथ गाळल्यावर उरणारा चोथा अनेक औषधनिर्माणशाळांत कचरा म्हणून फेकला जातो. तो मातीकडे परत गेला पाहिजे. मात्र कच्चा चोथा शेतात टाकू नये. त्यात कर्ब अधिक व नत्र कमी असल्याने तो कुजविताना जीवाणू मातीतीलच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. शेणाबरोबर रचून, ओलावा राखून, पूर्ण कुजल्यावरच तो द्यावा. माल पोहोचवून रिकामी परतणारी गाडी हे खत सहज नेऊ शकेल.

तसेच माल घेताना केवळ भाव न विचारता शेत पाहावे. फुलोऱ्यापूर्वी एखादे रोप हलकेच उपटून गाठ चिरावी. आत गुलाबी रंग दिसला तर जीवाणू कार्यरत आहेत असे समजावे. असे शेत राखणाऱ्या शेतकऱ्यास चार पैसे अधिक द्यावे लागतील. ते आपण द्यावेत. ज्या मातीच्या बळावर आपण रुग्णास बल देऊ पाहतो, ती माती दुर्बल ठेवून आपला व्यवसाय फार काळ चालणार नाही.