छापील चित्र घेऊ का?

मैत्रिणींनो, संगमनेरच्या एका भगिनीनं विचारलंय, "शिकवण्यांचे थोडे पैसे साठवलेत. प्रदर्शनात एका आधुनिक शिल्पकाराचं लिथोग्राफ फार आवडलं. खाली पेन्सिलीनं १२/५० लिहिलंय. पण हे म्हणतात, छापील कागदाला एवढे पैसे? त्यापेक्षा कॅलेंडर लाव! काय करू?"

प्रश्न पैशांचा आहे, तसा तिच्या आवडीच्या मानाचाही आहे. तेव्हा नीट समजून घेऊ या.

लिथोग्राफ म्हणजे आपलं शिळाछाप. जुन्या घरांतल्या कितीतरी पोथ्या शिळाछापाच्या असत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढतात. त्यावर डिंक आणि सौम्य आम्लाचा हात देतात. मग दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवतात. तेलापाण्याचं जमत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघांवर बरोबर बसते. वर कागद ठेवून दाबला, की चित्र उमटलं. आमच्या भंडारदऱ्याजवळचं रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, तो इथे कामाचा नाही. बारीक कणांची चुनखडीच लागते. जर्मनीतल्या सोल्नहोफेन गावची त्यासाठी नावाजलेली.

राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत असाच छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. तिथे प्रती जितक्या खपतील तितक्या हव्या होत्या. मर्यादित प्रतींचं उलट. पन्नास ठरल्या की पन्नासच. शिवाय कलावंताच्या स्वतःच्या मोजक्या वेगळ्या. मग दगडावरचं चित्र घासून टाकतात. १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी. आकडा लहान म्हणून प्रत जास्त चांगली, असं मात्र नाही.

हेन्री मूर (१८९८–१९८६) हे इंग्लंडचे मोठे शिल्पकार. त्यांनी स्टोनहेंजच्या उभ्या शिळांची लिथोग्राफं केली. ती त्यांच्या मूर्तींच्या फोटोंची छपाई नव्हे; छपाईसाठीच त्यांनी काढलेली चित्रं आहेत. अशा चित्राचं 'मूळ' दुसरीकडे कुठे टांगलेलं नसतं. प्रत्येक प्रत हेच मूळ! कॅलेंडरात आणि त्यात फरक आहे तो हा.

म्हणून पैसे मोजण्याआधी विचारा: चित्र शिल्पकारानं छपाईसाठी स्वतः काढलं, की मूर्तीचा फोटो छापला? हल्ली संगणकावरून छापलेल्या चित्रांवरही आकडे आणि सह्या असतात. भिंग घेऊन पाहा. रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती फोटोवरून केलेली छपाई समजा. कलावंताचं नाव, छपाईची पद्धत, एकूण प्रती, सगळं पावतीवर लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर पिशवी उचलून सरळ घरी या.

घरी आणल्यावर चित्राला चिकटपट्टी लावू नका. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. उन्हासमोर टांगू नका. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात, तेव्हा बाहेरची भिंत नकोच. फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते आणि बुरशीला अटकाव होतो.

एवढं तपासून चित्र खरं निघालं आणि पुढच्या महिन्याचा खर्च अडत नसेल, तर ताई, खुशाल घ्या. साड्या घेताना आपण कोणाची परवानगी मागतो का? यजमानांना मात्र तेलापाण्याची गंमत जरूर सांगा. कदाचित खिळा तेच ठोकतील!