व्हिंक्रिस्टिन पिशवीतूनच

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच गाऱ्हाणे वारंवार आहे. एका सिस्टरांनी व्हिंक्रिस्टिनसाठी 50 मिलीच्या सलाईन पिशव्या मागितल्या. स्टोअरने इंडेंट परत पाठवला, शेरा मारून: 'सदर आकारमान दरकरारात नाही. सिरिंज उपलब्ध आहेत.' मग त्यांनी 100 मिलीची पिशवी मागितली, तर 'कारण नमूद करावे.' कारण लिहिले, तर आधी विभागप्रमुखांची सही हवी, नंतर अधीक्षकांची. तोवर रुग्णाचे आर-चॉपचे तिसरे सायकल सिरिंजवरच उरकले.

कारण आम्ही नमूद करतो. बर्किट लिम्फोमा असो की मज्जासंस्थेत पसरण्याचा धोका असलेला डीएलबीसीएल, इंट्राथीकल मेथोट्रेक्झेट आले. त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये 2 मिलिग्रॅम व्हिंक्रिस्टिनची सिरिंज पडलेली असेल तर दोन सिरिंजांत फरक उरतो तो चिकटवलेल्या कागदाचा. व्हिंक्रिस्टिन पाठीच्या कण्यात गेले तर त्याला उतारा नाही. 2001 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला अठरा वर्षांचा मुलगा असाच गेला, आणि त्याचा रक्ताचा कर्करोग तेव्हा आटोक्यात होता! जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2007 मध्येच सांगितले की हे औषध पिशवीत पातळ करून द्या. भरलेली पिशवी लंबर पंक्चरच्या सुईला कोणी जोडत नाही. दरकरारातल्या एका ओळीसाठी आपण अजून अडून आहोत, याची आम्हाला चीड येते.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, पिशवीतून दिले तर औषध शिरेबाहेर झिरपेल. भीती खरी आहे. म्हणूनच चांगली शीर निवडा, रक्त परत येते का पाहा, पंप लावू नका, पाच-दहा मिनिटांत संपवा आणि तेवढा वेळ सिस्टरांनी खाटेपाशीच थांबावे. झिरपलेच तर व्हिंकाला गरम शेक; डॉक्सोरुबिसिनच्या सवयीने बर्फ ठेवू नका.

लेबलवर 'इंट्राथीकल देऊ नये' असे लिहूच नका. घाईत नेमका 'इंट्राथीकल' हाच शब्द डोळ्यांत भरतो. 'फक्त शिरेतून. अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक' एवढेच लिहा.

फार्मसिस्ट मित्रांनो, व्हिंक्रिस्टिन भरलेली सिरिंज उद्यापासून तुमच्या खिडकीतून बाहेर जाऊ देऊ नका. 50 ची पिशवी नसेल तर 100 ची घ्या. इंडेंट परत आला तर शेऱ्यासकट त्याची प्रत रुग्णालयाच्या औषध समितीपुढे ठेवा, आणि एक आमच्याकडे पाठवा.